काइसूने न लिहिलेला शब्द

काइसू वॅन्स्का वाक्याचा शेवट मनात ठरल्याशिवाय ते सुरूच करत नसे. फिनलंडमधल्या योएन्सू गावात बडबडी माणसं तशी कमीच, पण त्यांच्यातही ती अबोल समजली जाई. गुरुवारी कँटीनला वाटाण्याचं सूप असे. तेव्हा लांब टेबलाच्या टोकाला बसून ती सगळ्यांचं ऐकत खाई, आणि कोणी काही विचारलं तर चमचा खाली ठेवून उत्तर देई. त्यामुळे तिचं उत्तर लोक लक्ष देऊन ऐकत.

ती ज्या कारखान्यात इंजिनिअर होती तिथे लाकूडतोडीची अजस्र यंत्रं बनत. एकटा चालक काचेच्या केबिनमध्ये बसतो. यंत्राचा लांब हात पाइनचं झाड धरतो, बुंध्याशी कापतो, फांद्या सोलतो आणि ओंडके रचून ठेवतो. त्या हाताला काय करायचं ते सांगणारं सॉफ्टवेअर काइसूच्या विभागात तयार होई. मूळ कोड सगळ्या यंत्रांना एकच. पण कुणाचा हात लांब, कुणाचा आखूड, कुणाचं इंजिन वेगळं, स्वीडनच्या गिऱ्हाइकाला एक सोय हवी तर एस्टोनियाच्या गिऱ्हाइकाला दुसरीच. प्रत्येक यंत्रासाठी तो कोड वेगळा बांधावा लागे, आणि बांधण्यासाठी कॉम्प्युटरला जी कमांड द्यावी लागे ती म्हणजे मारुतीचं शेपूट. कुठले तुकडे घ्यायचे, कुठल्या क्रमाने जोडायचे, कुठली सोय चालू, कुठली बंद, सगळं एका ओळीत. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कॉम्प्युटर तक्रार करत नसे. मुकाट्याने चुकीचं सॉफ्टवेअर बांधून देई.

सुरुवातीच्या काळात ज्याची त्याची कमांड ज्याच्या त्याच्याकडे. कुणी जुन्या ईमेलमधून उचले, कुणी शेजाऱ्याकडून मागून घेई. एकदा असंच भलतं सॉफ्टवेअर चढलं आणि आवारात उभ्या यंत्राचा हात उजवीकडे म्हटलं की डावीकडे जायला लागला. सगळे पोट धरून हसले. काइसूला हसू आलं नाही. त्या हिवाळ्यात तिने एक प्रोग्राम लिहिला. यंत्र कोणतं आणि ते कुणाकडे जाणार, एवढंच त्याला सांगायचं. बाकीची सगळी कमांड तोच रचून देई. अमुक सोय असेल तर तमुक तुकडा हवाच, हा शब्द असेल तर तो शब्द चालणार नाही, असे सगळे नियम तिने त्यात घातले होते. विभागात त्या प्रोग्रामला ‘मालकीण’ नाव पडलं. कुणी अडलं की दुसरा म्हणे, मालकिणीला विचार. तेव्हा काइसू मान खाली घाली, पण ते तिला आवडे.

हे नाव ठेवलं मार्युतने. मार्युत काइसूची मैत्रीण, तंत्रविद्यालयातल्या वसतिगृहाच्या खोलीपासूनची. ती जितकी बोलकी तितकीच धडाडीची. काइसूचा संसार मोडला तेव्हा मार्युत गाडी घेऊन आली, तिचं सामान भरलं आणि काहीही न विचारता तिला आपल्या घरी घेऊन गेली. मालकीण तयार झाली तेव्हा वरिष्ठांपुढे मार्युतच बोलायला उभी राहिली, आणि पहिल्याच वाक्यात तिने सांगितलं की यातलं काम सगळं काइसूचं, माझं फक्त तोंड. पुढे मार्युत विभागाची प्रमुख झाली. काइसूला हेवा वाटला नाही. उलट आपल्या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळतंय, याचं समाधान वाटलं. तळ्याकाठी मार्युत आणि तिचा नवरा उर्पो यांचं उन्हाळी लाकडी घर होतं. तिथली मागची खोली काइसूचीच होती. तिचे लोकरीचे मोजे, तिचा कप, तिची रबरी बुटांची जोडी वर्षभर तिथेच असे.

एका गोष्टीवरून मात्र दोघींची कुरबूर होई. घाई असली की मार्युत मालकिणीने दिलेली कमांड उचले आणि तिच्यात हाताने एखादा शब्द घाली किंवा काढी. काइसू म्हणे, हाताने बदललीस की ती मालकिणीची कमांड राहिली नाही, मग मी तिची हमी देऊ शकत नाही. मार्युत हसून तिच्या खांद्यावर हात टाके.

“अगं, तुझ्या मालकिणीच्या कानात मी फक्त एक शब्द सांगते. तिलाही कुणीतरी मैत्रीण नको का?”

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राइमो तुरुनेन नावाच्या चालकाचा पाय गेला. माणूस पन्नाशीचा, उभं आयुष्य जंगलात काढलेला. यंत्राच्या तोंडात एक फांदी अडकली म्हणून तो केबिनचं दार उघडून खाली उतरला. दार उघडलं की हात जागच्या जागी गोठला पाहिजे, हा त्या यंत्राचा पहिला नियम. राइमो त्याच भरवशावर खाली उतरला होता. पण हात फिरला, आणि त्याने त्याला ओंडक्यांच्या ढिगाशी दाबून धरलं. मदत येईपर्यंत तो शुद्धीवर होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला.

कारखान्यात चौकशी बसली. कारण लवकरच सापडलं. दाराची ही तपासणी बंद ठेवायची एक सोय होती. आवारात यंत्र उघडं ठेवून दुरुस्त्या कराव्या लागत, तेवढ्यापुरती ती असे. ती चालू करणारा शब्द कमांडमध्ये वेगळा घालावा लागे, आणि गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या यंत्राच्या कमांडमध्ये तो कधीच येता कामा नये. राइमोच्या यंत्राचं सॉफ्टवेअर ज्या कमांडने बांधलं होतं तिच्यात तो होता.

कमांड रचणार मालकीण. मालकीण लिहिलेली काइसूने. सगळ्यांच्या नजरा न वळताही तिच्याकडे वळल्या.

काइसूने तेच यंत्र, तेच गिऱ्हाईक मालकिणीला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. दर वेळी कमांड बरोबर आली, तो शब्द एकदाही आला नाही. पण तिच्या मनात एक काटा होता. ज्या दिवशी ते सॉफ्टवेअर बांधलं गेलं त्याच दिवशी सकाळी नव्या गिऱ्हाइकाच्या गडबडीत तिने एक बदल थेट चालू प्रोग्राममध्ये करून पाहिला होता आणि तो जमत नाही म्हणून दुपारी पुसून टाकला होता. असं करायचं नाही, हा नियम तिचाच. त्या अर्ध्या दिवसात मालकिणीने काय रचलं असेल, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. ती स्वतःही नाही.

ती मार्युतच्या खोलीत गेली. तिने एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी तू हाताने काही बदललं होतंस का?

मार्युतने तिच्या डोळ्यांत पाहिलं. “नाही गं,” ती म्हणाली. मग उठून तिने दार लावलं, काइसूला खुर्चीवर बसवलं आणि कॉफी ओतली.

आपण मैत्रिणीवर शंका घेतली याची काइसूला इतकी लाज वाटली की ती तिथेच रडली. म्हणाली, मग माझंच चुकलं असणार, तो सकाळचा बदल. मार्युत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढचे महिने कसे गेले ते काइसूलाही धड सांगता येत नाही. कारखान्याने चूक मान्य करून राइमोला भरपाई दिली, बाहेर कुणाचं नाव जाऊ दिलं नाही. आत मात्र सगळ्यांना माहीत होतं. मालकिणीचं काम तिच्याकडून काढून दुसऱ्यांना दिलं गेलं आणि तिला यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासायला बसवलं. मार्युत तिला म्हणाली की मी भांडून तुझी नोकरी वाचवली आहे, आता तू ते प्रकरण उकरत बसू नकोस, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. काइसूने तिचे आभार मानले. गुरुवारच्या टेबलावर ती आता बसत नसे, डबा घेऊन आपल्या जागीच खाई. तिचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडाला होता. घराबाहेर पडल्यावर ती परत फिरे, शेगडी बंद केली की नाही ते बघे, आणि जिना उतरेपर्यंत पुन्हा शंका येई.

एक गोष्ट तिने कुणाला न सांगता केली. ती इस्पितळात राइमोला भेटायला गेली. त्याच्या पलंगाशी उभी राहून म्हणाली, “तुमच्या यंत्राची कमांड माझ्या प्रोग्रामने लिहिली होती. हे माझ्यामुळे झालं.”

राइमोने पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाला, “माफी मागायला आली असशील तर मी देणार नाही, बाई.”

“माफी मागायला नाही आले.”

“मग कशाला आलीस?”

ती पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. मग जातच राहिली, तो घरी आल्यावरही. घरी भाजलेल्या पिराक्का, म्हणजे राय धान्याच्या पिठात भात भरलेल्या चपट्या पुऱ्या, घेऊन जाई. तो एकटा राही, त्यामुळे त्याच्या दारापुढचा बर्फ ओढून देई. राइमो तिला टोमणे मारायची एक संधी सोडत नसे. आता फावडं तरी नीट धर, की तेही तुझा प्रोग्रामच धरणार, असं काहीतरी. ती ऐकून घेई. तिला वाटे, एवढं ऐकून घेणं आपलं देणंच आहे.

जूनमध्ये युहान्नुस, म्हणजे भर उन्हाळ्याचा सण आला. मार्युतने आग्रह धरला की दर वर्षीसारखी तळ्यावर ये, नाही म्हणू नकोस. काइसू गेली. सणाच्या सकाळी उर्पो आदल्या दिवशी लावलेली जाळी ओढायला निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर होडीत बसली. उर्पो सुतारकाम करणारा, भला माणूस. तळं अगदी शांत होतं. तो वल्हवत होता, ती जाळं आत घेत होती. जाळ्यात पर्च मासे होते, पाण्याबाहेर येताच फडफडत.

“काइसू,” तो एकदम म्हणाला, “मला असलं बोलायला जमत नाही. पण आज बोलून टाकतो. तू मार्युतसाठी जे केलंस ना, ते सख्ख्या बहिणीनेसुद्धा केलं नसतं.”

काइसूला वाटलं, तो कुठल्यातरी जुन्या गोष्टीबद्दल बोलतोय. “काय केलं मी?”

“ते दाराचं. शब्द घातला तिने, आणि तू तो आपल्या अंगावर घेतलास. तिने मला तेव्हाच सांगितलं की काइसूनेच सुचवलं; ती म्हणाली, माझ्यावर कुणी अवलंबून नाही, तुझं पद गेलं तर तुझ्या घराचं कसं होणार म्हणून. मी त्या दिवसापासून तुला सांगीन म्हणतोय. फार मोठं मन लागतं त्याला.”

काइसूच्या हातात जाळं होतं. सोडलं असतं तर गुंतलं असतं, म्हणून ती ओढत राहिली. एक मासा सुटून तिच्या बुटावर पडला. ती म्हणाली, तिने काय केलं होतं ते मला पहिल्यापासून सांग.

उर्पोने वल्हं थांबवलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. “तुला माहीत होतं ना?”

“आता झालं,” काइसू म्हणाली.

मग त्याने सांगितलं, अडखळत, कारण आता त्यालाही कळत होतं की तो काय सांगतोय. त्या दिवशी आवारात पाहुणे आले होते. यंत्राचं दार उघडं ठेवून त्यांना हात चालवून दाखवायचा होता. मार्युतने मालकिणीची कमांड घेतली, त्यात तो शब्द हाताने घातला आणि सॉफ्टवेअर बांधलं. गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून तेच यंत्र दुसऱ्या दिवशी तसंच रवाना झालं. शब्द काढून पुन्हा बांधायचं ती विसरली. विसरली एवढंच, असं उर्पो दोनदा म्हणाला.

मार्युत स्वयंपाकघरात नवे बटाटे खरवडत होती. खिडकीत शेपूची जुडी पाण्यात उभी होती. काइसू दारात उभी राहिली आणि म्हणाली की उर्पोने सांगितलं.

मार्युतच्या हातातली सुरी थांबली. ती नाकारील, असं काइसूला वाटलं होतं. तिने नाकारलं नाही.

“मी तुला सांगणार होते,” मार्युत म्हणाली. “पहिल्याच दिवशी. तू आलीस, विचारलंस, माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. मला वाटलं, संध्याकाळी सांगते. पण त्याआधीच तू म्हणालीस, माझंच चुकलं असणार. तूच म्हणालीस, काइसू. मी तुझ्यावर काही ढकललं नाही.”

“तू मला कॉफी दिलीस.”

“मग काय करणार होते? तू रडत होतीस.”

“तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.”

मार्युतने सुरी टेबलावर ठेवली. मग तिचा आवाज चढला. म्हणाली, तुला काय कळणार, तुला एकटीचंच बघायचं होतं. मुलांची शिक्षणं, घराचं कर्ज, मला उद्या कुणी दारात उभं केलं नसतं. तुला काढून तर टाकलं नाही ना, ती काळजी मी घेतली. रोज घेतली. एका शब्दासाठी आता सगळं मोडणार आहेस का?

काइसूला शब्दाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. तो शब्द कुणाच्याही हातून राहिला असता. तिला एवढंच आठवत होतं की हिवाळाभर ती जिना उतरून परत वर जात होती, आणि हे मार्युतला माहीत होतं, कारण काइसूनेच तिला फोनवर सांगितलं होतं. मार्युत तेव्हा म्हणाली होती, डॉक्टरला दाखव गं एकदा.

“राइमोला तू सांग,” काइसू म्हणाली. “आणि कारखान्यात सांग. मी सुट्ट्या संपेपर्यंत थांबते.”

तिने मागच्या खोलीतलं आपलं सामान पिशवीत भरलं. सणाच्या दिवशी बस नव्हती. उर्पोने गाडी काढली आणि तिला गावापर्यंत सोडलं. तिच्या दारापाशी त्याने इंजिन बंद केलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा किल्ली फिरवली.

मार्युतने कुणालाच सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ऑगस्टमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा ती काइसूला बघून हसली, तेच जुनं हसू, जणू दोघींचं काहीतरी आपापसात मिटलं आहे. त्याच दिवशी काइसू वरच्या मजल्यावर संचालक फोर्सबर्ग यांच्याकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की याला पुरावा काय. मार्युतला बोलावलं गेलं. ती म्हणाली, काइसूची तब्येत बरी नाही, तिला हल्ली शेगडी बंद केलेलीही आठवत नाही, मला तिची फार काळजी वाटते. हे तिने इतक्या मायेने सांगितलं की फोर्सबर्ग यांनी काइसूकडे पाहिलं ते रोग्याकडे बघावं तसं.

तळ्यावर आला नव्हता तो राग काइसूला तेव्हा आला. तिथे मार्युत घाबरलेली होती. इथे ती शांत होती.

दोन-तीन दिवसांनी उर्पो कारखान्यात आला. कामाचे कपडे तसेच, गुडघ्यावर लाकडाचा भुसा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. फोर्सबर्ग यांच्यापुढे उभ्या उभ्याच त्याने सांगितलं की माझी बायको खोटं बोलते आहे, शब्द तिने घातला, ती मला ऑक्टोबरातच म्हणाली होती. मलाही तिने खोटं सांगून गप्प ठेवलं. एवढं बोलून तो गेला. त्यानंतर तो आपल्या भावाकडे राहायला गेल्याचं लोकांच्या कानावर आलं.

मार्युतने मग कबूल केलं. तिला पद सोडावं लागलं, वर्ष संपायच्या आत नोकरीही सुटली. फोर्सबर्ग यांनी काइसूची माफी मागितली आणि मालकीण पुन्हा तिच्या ताब्यात दिली. विभागातले लोक एकेक करून तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आम्हाला आधीपासून वाटतच होतं, असं बरेच जण म्हणाले. काइसूने त्यांना विचारलं नाही की मग बोलला का नाहीत.

राइमोला तिने स्वतः जाऊन सांगितलं. तो पायरीवर बसला होता, कृत्रिम पाय पुढे पसरून. ऐकून घेतल्यावर तो चिडला, आणि चिडला तो तिच्यावरच.

“म्हणजे हिवाळाभर मी भलत्याच बाईला शिव्या दिल्या,” तो म्हणाला. “आणि तू खाल्ल्यास. का खाल्ल्यास?”

“मला खरं वाटत होतं.”

“तुझ्याच प्रोग्रामने तुला दर वेळी सांगितलं की शब्द माझा नाही. त्याच्यावर नाही विश्वास ठेवलास. त्या बाईवर ठेवलास.”

त्यानंतरही काइसू एकदा पिराक्का घेऊन गेली. पण आता टोमणे संपले होते, आणि त्यांच्याशिवाय दोघांना बोलायला काही उरलं नव्हतं. त्याने तिला कॉफी दिली, बर्फ काढायला शेजारी येतो म्हणून सांगितलं. तिला कळलं की आता इथे आपल्याला येण्याचं कारण नाही.

ती अजून त्याच कारखान्यात आहे. मालकीण आता अशी बांधली आहे की तिने रचलेली कमांड कुणालाच हाताने बदलता येत नाही, बदललेली कमांड चालतच नाही. ते काम काइसूने परत आल्यावर सगळ्यात आधी केलं. तरीही प्रत्येक कमांड ती डोळ्यांखालून घालते, बोट ठेवून, शब्द शब्द. लोक म्हणतात, गरज काय. ती म्हणते, असू दे.

गेल्या शरदात दुकानात दुधाच्या कपाटापाशी तिला मार्युत भेटली. केस पिकलेले, अंगावर उर्पोचं जुनं जाकीट. मार्युतच आधी बोलली. कशी आहेस, तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात अजून तीच ऊब होती, खोटी म्हणता येणार नाही अशी.

“बरी आहे,” काइसू म्हणाली. तू कशी आहेस, हे तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने विचारलं नाही. ती रिकामी टोपली दाराशी ठेवून बाहेर आली आणि गाडीत बसून राहिली. आपण काय घ्यायला आलो होतो, ते तिला काही केल्या आठवेना.